मिस्टर अँड मिसेस ५५ : आईच्या पंचाहत्तरीला दाखवावा का?

मोमिनाबादी

राम राम मंडळी.

येत्या कोजागिरीला आमच्या आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. अंबाजोगाईच्या वाड्यात सगळे जमणार. आई, दोन मावश्या, सुना, नातवंडं, गल्लीतल्या जुन्या काकू, मिळून पन्नासेक माणूस. आईला विचारलं, तुला काय पाहिजे? पूजा घालू का? ती म्हणाली, "पूजा दरवर्षीच असते. मला तो छत्र्यांचा पिक्चर दाखव. मधुबालाचा."

छत्र्यांचा म्हणजे कोणता, हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी मोठ्या मावशीला फोन केला. तिनं फोनवर 'ठंडी हवा काली घटा' गुणगुणलं आणि उलगडा झाला: गुरुदत्तचा मिस्टर अँड मिसेस ५५. बारा-तेरा वर्षांची असताना आईनं तो तंबूत पाहिला होता. त्यानंतर कधीच नाही.

आधी आपण बघून घ्यावा म्हणून परवा रात्री मी आणि माझी मुलगी बसलो. ती संभाजीनगरला कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अनिता म्हणजे मधुबाला, गडगंज श्रीमंत. तिच्या वडिलांचं मृत्युपत्र असं की एकविसावं लागल्यावर महिन्याभरात लग्न केलं तरच सत्तर लाख मिळतील. तिची आत्या सीतादेवी म्हणजे ललिता पवार, पुरुष जातीवरच राग, घटस्फोटाच्या बिलासाठी सभा गाजवणारी. आत्या एक बेकार व्यंगचित्रकार पैसे देऊन नवरा म्हणून आणते: लग्न लावायचं, पैसे हातात आले की काडीमोड. तो व्यंगचित्रकार म्हणजे गुरुदत्त, प्रीतम. आणि त्याचं आधीपासूनच हिच्यावर मन बसलेलं.

मला फार आवडला. मुलगी पहिला तासभर खळखळून हसली. मग प्रीतम अनिताला गावी भावाच्या घरी नेतो तो भाग आला. तिथली वहिनी सांगते की नवरा कधी हात उगारतो, पण जीवही तेवढाच लावतो. ते ऐकून अनिताचं मन पालटायला लागतं. मुलगी तिथंच उठली. म्हणाली, "बाबा, आजीच्या वाढदिवसाला, एवढ्या बायकांसमोर, तुम्ही हे लावणार?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय कराल?

सोन्याचा_पालना

लावा! आईनं मागितलंय ना? विषय संपला.

कंधारचा_किल्लेदार

मोमिनाबादी, धाग्याचं नाव वाचूनच डोळ्यांत पाणी आलं. माळेगावच्या जत्रेत मी असे किती पिक्चर बघितले त्याचा हिशेब नाही. खंडोबाचं दर्शन, घोड्यांचा बाजार, आणि रात्री तंबू. दिवसभर बैलगाडीला भोंगा बांधून जाहिरात फिरायची. अंधार पडला की देवाचं गाणं लागायचं. ते ऐकू आलं की हातातली भाकर तशीच घेऊन पळायचं, कारण ते संपलं की खेळ सुरू. मधे कनात लावलेली, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला गडी माणसं. जमिनीवर पोतं टाकून बसायचं. मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि अंधार झाला की शिट्ट्या. रीळ तुटलं की चिकटवायचे, त्यात दोन-चार वाक्यं जायची. आम्ही कितीतरी पिक्चर असे भोकं पडलेले बघितले, आणि मधली गोष्ट घरी जाताना एकमेकांना जुळवून सांगितली.

कामाचं एक सांगतो. कोजागिरीला दाखवणार असाल तर चांदण्याचा विचार आताच करा. दिवेलागणीला चंद्र पूर्वेला वर येतो. पडद्याची पाठ पूर्वेकडे ठेवा, म्हणजे निदान पहिले तीन-चार तास उजेड पडद्याच्या तोंडावर येणार नाही. साधं धोतर लावू नका, त्याच्यातून आरपार दिसतं. जाड मांजरपाट घ्या, दोन पदरी शिवून, वर-खाली वेळूची काठी घाला. वाऱ्यानं फुगलं तर मधुबालाचं तोंड वाकडं दिसंल, ते काई बरं नाई.

मोमिनाबादी

किल्लेदार, पडद्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या अंगणाला पूर्वेला माडीची भिंत आहे, तिथंच लावतो.

हाली_शिक्का

माझं वय ८४. नातू टाइप करून देतो आहे.

मृत्युपत्रातले सत्तर लाख कलदार (म्हणजे भारत सरकारचे रुपये) की हाली? पिक्चर १९५५ चा. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, आणि बाजारात निजामाचा हाली शिक्का अजून चालत होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्या हिशेबानं सत्तर लाख कलदारचे एक्क्याऐंशी लाख सहासष्ट हजार हाली होतात. प्रीतमनं लग्न आमच्याकडं लावलं असतं तर अनिताचे अकरा लाख वाढले असते.

पिक्चर मी तरुणपणी पाहिला आहे. जॉनी वॉकर आला की तंबू हलायचा.

सोन्याचा_पालना

आजोबा, साष्टांग नमस्कार. दिवसातला सर्वात मोठा आनंद तुमच्या हिशेबानं दिला.

मांजराकाठ

मी लातूरची. मोमिनाबादी, तुमच्या मुलीच्या बाजूनं लिहिते आहे, आणि जरा सविस्तर लिहिते.

माझा घटस्फोट झाला त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं मी नेमकं त्या वहिनीचं वाक्य ऐकत होते. सासूकडून, नणंदेकडून, माझ्या स्वतःच्या मामीकडून. "मारतो, पण जीव पण लावतो ना." शब्द इतके सारखे की पिक्चर बघताना मला वाटलं, कुणीतरी आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेतलंय. ही गोष्ट १९५५ मध्ये संपली असती तर मीही हसून सोडून दिली असती. संपलेली नाही.

पिक्चर वाईट आहे असं मी म्हणत नाही. मलाच तो पाठ आहे. ऑफिसमध्ये सगळे जेवायला गेल्यावर जॉनी वॉकर आणि ती टायपिस्ट टेबलांखाली वाकून 'जिगर' शोधतात, ते गाणं लागलं की मी हातातलं काम सोडते. पण दुखतं ते असं की घटस्फोट मागणारी एकच बाई दाखवली, तीही खाष्ट, कडवट, भाचीचं वाटोळं करणारी. संसार करणारी दाखवली ती गोड, सोशिक, चुलीपाशी. मधली बाई कुठंच नाही. मी त्या पिक्चरमध्ये कुठं बसू?

दाखवू नका असं नाही म्हणत. पण दाखवलात तर तिथं बसलेल्या पन्नास जणींमध्ये एखादी माझ्यासारखी असेल, एवढं मनात ठेवा.

उस्मानाबादी

मांजराकाठ ताई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. बोलायला दुसरं काही नाही. बरं केलंत लिहिलंत.

परभणीचा_काळा_कोट

जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा कायद्याचं आम्हीच सांगायला पाहिजे.

पिक्चरमधली आत्याची युक्ती खऱ्या कायद्यानं चाललीच नसती. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला अमलात आला. त्याचं कलम १४ तेव्हा असं होतं की लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येणार नाही, फार मोठा जाच असेल तर कोर्टाची खास परवानगी काढून. तीन वर्षांचं एक वर्ष झालं ते १९७६ च्या दुरुस्तीनं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात तेरा-ब म्हणतो, तोही १९७६ मध्येच आला. म्हणजे सीतादेवीबाईंना सत्तर लाख हातात घेऊन तीन वर्षं जावयाला सांभाळावं लागलं असतं. तेवढ्यात पोरांचं जमलंच असतं!

आणखी एक. शेवटाकडे प्रीतम अनिताला मोकळं करायला स्वतःच्या बदनामीचे फोटो कोर्टात जाऊ देतो. पण मूळ कायद्यातले शब्द होते की नवरा व्यभिचारात 'राहत असला' पाहिजे, म्हणजे ते सातत्यानं चालू असलं पाहिजे. चार फोटोंवर ते सिद्ध करणं अवघड होतं. माझ्या समोरच्या वकिलानं तेवढंच आणलं असतं तर मी दहा मिनिटांत उडवलं असतं.

आणि ही गंमत बघा. पिक्चर घडतो मुंबईत, आणि मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ पासूनच होता. आपल्याकडे, हैदराबाद राज्यात, तो लागू नव्हता. म्हणजे ज्या बिलाची मुंबईत एवढी धास्ती दाखवली, त्याची खरी गरज आपल्या आज्यांना होती.

मोमिनाबादी, मुलीला सांगा, तिला हा पिक्चर आवडला नाही तरी परीक्षेला उपयोगी पडेल.

मोमिनाबादी

वकीलसाहेब, मुलीला वाचून दाखवलं. तिनं वही काढून कलम १४ जुन्या शब्दांसकट लिहून घेतलं. घरात दोन दिवसांनी शांतता आहे.

नागसेनवन

हिंदू कोड बिलाचा, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यांच्या बिलाचा, विषय निघाला आहे तर बाबासाहेबांचं नाव यायला हवं. हे बिल त्यांनी जिवापाड मांडलं, ते अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल ठळक होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९५० मध्ये, त्यांनी आपल्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं होतं. पुढे ते बिल तुकड्यांनी मंजूर झालं: विवाहाचा कायदा १९५५ मध्ये, वारसा, दत्तक-पोटगी आणि पालकत्वाचे १९५६ मध्ये. माझी आजी त्या कायद्यांमुळे वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागू शकली. म्हणून ते बिल पडद्यावर थट्टेचा विषय झालेलं बघताना मला आतून लागतं.

गुरुदत्त मोठा दिग्दर्शक. दोनच वर्षांनी त्यानं प्यासा केला. पण मोठा माणूसही आपल्या काळाच्या भीतीतून बोलतो, आणि त्या वेळी तो तसा बोलला.

हिमरू_शाल

नागसेनवन, तुमचं म्हणणं मान्य. मी मात्र दुसऱ्या कारणासाठी या पिक्चरवर जीव टाकतो, ते सांगू द्या.

माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. मराठी घर, पण हिशेबाच्या वह्या, अर्ज, पत्रं सगळी उर्दूत. त्यांच्या पिढीला हिंदी पिक्चरचे संवाद पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जास्त कळायचे. अब्रार अल्वींचे संवाद आणि मजरूह सुलतानपुरींची गाणी ते जेवताना घास हातात धरून ऐकायचे. मजरूह मुळात युनानी हकीम. आणि त्या गाजलेल्या प्रसंगात आत्या प्रीतमला विचारते, "कम्युनिस्ट हो?" तो म्हणतो, "जी नहीं, कार्टूनिस्ट." सगळे हसतात. पण मजरूह स्वतः डाव्या विचारांच्या कवितेसाठी पिक्चरच्या थोडंच आधी तुरुंगात जाऊन आले होते. आणि आपल्या हैदराबाद राज्यात तेलंगणातला सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालला होता. कम्युनिस्ट हा शब्द तेव्हा चावडीवर हळू आवाजात घेत. आजोबा सांगायचे, त्या वाक्यावर आधी तंबू क्षणभर गप्प झाला आणि मग फुटला.

आणि 'चल दिए बंदा नवाज़'. आमच्याकडे बंदा नवाज म्हटलं की गुलबर्ग्याचा दर्गा. ख्वाजा बंदा नवाज गेसूदराज. आजीला कितीतरी वर्षं वाटत होतं की गाण्यातली बाई उरुसाला निघाली आहे. आजोबांनी समजावलं: बंद्यावर कृपा करणारा, म्हणजे लाडानं म्हटलेलं 'सरकार'. आजी म्हणाली, "मग तुम्हाला मी कधी म्हणले नाई ते!" तेव्हापासून ती त्यांना चहा देताना बंदा नवाज म्हणायची. घरात ते चालू राहिलं, आजोबा गेले तोपर्यंत.

सोन्याचा_पालना

हिमरू दादा, माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं. आज चहा देताना मला काही म्हणाली नाही, पण हसली.

सूरपेटी

गाण्यांवर कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी येतो.

संगीत ओ. पी. नय्यर. आदल्या वर्षीच्या आर पार नंतर गुरुदत्त, गीता आणि नय्यर या तिघांचा हा दुसरा मोठा खेळ. त्यात 'प्रीतम आन मिलो' नीट ऐका. ती चाल नवी नाही. सी. एच. आत्मांनी १९४५ च्या सुमारास ते गाऊन गाजवलं होतं, नय्यरांच्याच चालीत. दहा वर्षांनी तेच गाणं गीता दत्तकडून गाऊन घेतलं. आणि नायकाचं नाव प्रीतम! आख्खा पिक्चर हसवत आणला आणि शेवटाकडे एका जुन्या गाण्यात नायिकेला नायकाचं नाव घ्यायला लावलं. ही योजना मला थक्क करते.

अजून एक गोष्ट मनातून जात नाही. गीता आणि गुरुदत्तचं लग्न १९५३ मध्ये झालं. म्हणजे पडद्यावर मधुबाला गुरुदत्तला आळवते, आणि आवाज त्याच्या बायकोचा. पुढे त्या दोघांच्या संसाराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुदत्त १९६४ मध्ये गेला, मधुबाला १९६९ मध्ये, गीता १९७२ मध्ये. तिघांपैकी कुणीही पंचेचाळिशी पाहिली नाही. 'ठंडी हवा' मध्ये त्या पोरी छत्र्या घेऊन पोहण्याच्या तलावाच्या काठानं पळतात, तेव्हा त्या आवाजात नुसता आनंद आहे. मला ते गाणं पूर्ण ऐकवत नाही आणि अर्ध्यात बंदही करवत नाही.

बीडची_लेक

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय. सगळे श्रीमंत-गरीब म्हणतायत. पण प्रीतमची गरिबी कसली आहे? इंग्रजी येतं, चित्रं काढता येतात, पेपरमध्ये मित्र आहे. नोकरी नाही एवढंच. याला आपण गरीब म्हणत नाही, सुशिक्षित बेकार म्हणतो. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. त्यातल्या कोयत्याच्या पोरावर कुणा अनिताचा जीव जडला, असा पिक्चर काढा बरं.

आणि आडनावं बघा. एक वर्मा, एक नुसता कुमार. त्या काळच्या या सगळ्या पिक्चरमध्ये पैसा आडवा येतो, जात कधीच येत नाही. आपल्याकडे खऱ्या आयुष्यात आधी जात आडवी येते, पैशाचं मग बघू. माझ्या मैत्रिणीचं असंच मोडलं. मुलगा चांगला कमावता होता. कुणी त्याचा पगार विचारलाच नाही.

उस्मानाबादी

बीडची लेक, मुद्दा बिनतोड. पण दोन्ही जुळल्याचं एक उदाहरण देतो. माझी आत्या एका नामवंत डॉक्टरांची मुलगी. तिनं दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न केलं. दुसरी जात. आजोबांनी दोन वर्षं तोंड बघितलं नाही. तिसऱ्या वर्षी आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं, रिक्षा मिळेना, तेव्हा फूफाजींनीच, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानंच, त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून दवाखान्यात नेलं. पुढे आजोबांचे बीपीच्या गोळ्यांचे डबे शेवटपर्यंत फूफाजीच भरायचे, वारांच्या चिठ्ठ्या लावून. दुसऱ्या कुणाच्या हातची गोळी आजोबा घेत नसत.

मांजराकाठ

उस्मानाबादी, वारांच्या चिठ्ठ्या! काय माणूस असेल.

कंधारचा_किल्लेदार

विषय जरा बाजूला नेतो, माफी असावी. ललिताबाईंबद्दल कुणी बोललं नाही. त्या जन्मानं येवल्याच्या, म्हणजे आपल्या वैजापूरच्या शेजारच्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवान दादांची थप्पड जोरात बसली आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दुसरी कुणी घरी बसली असती. त्यांनी त्याच डोळ्यानं पुढची चाळीस-पन्नास वर्षं सगळ्या देशाला धाक दाखवला. मंथराही त्यांचीच. सीतादेवीची भूमिका खलनायिकेची आहे, पण बाई भाषणाला उभी राहिली की ऐकावंसं वाटतं. ही लेखणीची नाही, ललिताबाईंची करामत.

हिमरू_शाल

येवल्याच्या म्हणजे पैठणीच्या गावच्या. आणि पैठण आमचं!

सोन्याचा_पालना

पैठणी येवल्याची की पैठणची, यावर वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर मधुबाला बाजूला राहील.

हाली_शिक्का

व्यंगचित्रांबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही. पिक्चरमध्ये चित्र काढणारा हात दिसतो तो आर. के. लक्ष्मण यांचा. प्रीतम काढतो ते चित्र आठवा: सीतादेवी हातात चाबूक घेऊन रथात उभी, आणि रथाला जुंपलेले अनिता आणि प्रीतम. गरिबाकडे पैशाला उत्तर द्यायला काय असतं? याच्याकडे पेन्सिल होती. मी शिक्षक होतो. शाळेतल्या एका हुशार पोराला, ज्याच्या घरी बसायला पाट नव्हता, मी याच पिक्चरची गोष्ट सांगून चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं होतं. तो पुढे साइनबोर्ड रंगवू लागला. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या.

मोमिनाबादी, पिक्चर दाखवा. तुमची लेक आणि लातूरच्या ताई म्हणतात तेही खरं आहे. म्हणून गुपचूप तो भाग पुढे पळवू नका. पळवलंत तर तुमच्या लेकीला कधीच कळणार नाही, आजीला त्यावर काय वाटतं.

परभणीचा_काळा_कोट

आजोबांना अनुमोदन. आणि कुणी शंका काढण्याआधीच सांगतो: सिनेमाचा कॉपीराइट साठ वर्षांचा, त्यामुळे १९५५ च्या चित्रपटाचा तो २०१५ अखेर संपला. शिवाय घरच्या अंगणात घरचीच माणसं. खुशाल लावा.

मोमिनाबादी

मंडळी, काल कोजागिरी झाली. सकाळपासून फोन चालू आहेत, आत्ता लिहायला बसलो.

पडदा माडीच्या भिंतीला, पाठ पूर्वेला, दोन पदरी मांजरपाट. किल्लेदार, तुमच्यामुळे चंद्र शेवटच्या अर्ध्या तासातच डोकावला. चुलीवर दूध, सोबत धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. मुलीनं सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून सांगितलं की हा पिक्चर कोणत्या काळचा आहे, तेव्हा कायदा काय होता, आणि यातलं एक म्हणणं तिला अजिबात मान्य नाही. काळा कोट साहेब, तीन वर्षांचं ऐकून गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "बरं झालं, तीन वर्षांत राग उतरतो." त्यांच्याच सूनबाई मागून म्हणाल्या, "नाहीतर माणूस." सगळीकडे हशा पिकला, पण मांजराकाठ ताई, मला तुमची आठवण झाली.

छत्र्यांच्या गाण्याला आई खुर्ची सोडून खाली सतरंजीवर येऊन बसली. तिन्ही बहिणींनी एकमेकींचे हात धरले. शब्द एकीलाही पूर्ण येत नव्हते, एकीचा सुटला की दुसरी उचलत होती.

मग तो वहिनीचा भाग आला. मी पळवला नाही. मुलगी माझ्याकडे न बघता आजीकडे बघत होती. वहिनी ते बोलली, आणि आईनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, "हे कधी होतं यात?"

मोठी मावशीही म्हणाली, हे आपण पाहिलंच नव्हतं. मला वाटलं रीळ तुटलं असेल, जसं किल्लेदारांनी लिहिलं. पण आई म्हणाली, तसं नाही. तंबूत बायकांच्या बाजूला गाणी लागली की लेकरं उठवून दाखवायच्या, आणि गाणी संपली, घरगुती बोलणं सुरू झालं की त्यांना थोपटून झोपवायच्या. पेंगणाऱ्या लेकरांकडे आणि शेंगांच्या पुरचुंडीकडे लक्ष. "घरातलं बोलणं आम्ही घरी रोजच ऐकत होतो की. तंबूत कशाला ऐकू?"

धाकट्या मावशीनं तेवढ्यात विचारलं, "आपल्या अक्कानं ऐकलं असंल का गं?" अक्का म्हणजे आईची मोठी चुलत बहीण. तंबूत या तिघींना तीच घेऊन गेली होती. तिच्याबद्दल घरात जास्त बोलत नाहीत. आई म्हणाली, "ती मधेच उठून बाहेर गेली होती. मला वाटलं पाणी प्यायला."

मग कुणी काही बोललं नाही. पिक्चर चालू होता. मुलगी आजीजवळ जाऊन बसली ती विमानतळाचा शेवट होईपर्यंत तिथंच होती. आज सकाळी तिनं आजीला अक्काबद्दल विचारलं. दोघी अजून माजघरातच आहेत, मी आत गेलो नाही.

मांजराकाठ

मोमिनाबादी, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

अक्का आता आहेत का? असतील आणि त्यांना चालणार असेल तर मला त्यांना भेटायचंय. लातूरहून अंबाजोगाई काही लांब नाही. आणि पुढच्या वेळी पडदा लावाल तेव्हा मला कळवा, धपाटे मी करून आणते.

मोमिनाबादी

ताई, अक्का आहेत. केजला मुलाकडे असतात, ब्याण्णव पूर्ण. आईनं आत्ताच फोन लावायला सांगितलाय. बोलणं झालं की तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.